शहापूरच्या छापखान्यातला जुना संगणक आणि न चाललेली रॅम

बेळगावातल्या शहापूरला माझ्या मामांचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे, यात्रेची हँडबिले आणि दुकानदारांची बिलबुके हे तिथले नेहमीचे काम. आणि बेळगावच्या रीतीप्रमाणे यातील पुष्कळसा मजकूर एका बाजूस मराठीत व दुसऱ्या बाजूस कन्नडमध्ये छापावा लागतो. या कामासाठी २०११ साली असेंबल करून घेतलेला संगणक मामा आजही वापरतात, आणि त्याला कारण आहे. त्या काळी त्यांनी पैसे मोजून घेतलेल्या देवनागरी फॉन्टच्या सॉफ्टवेअरला एक हार्डवेअर लॉक आहे, म्हणजे जे जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही असे छोटे उपकरण. ते संगणकाच्या मागच्या पॅरलल पोर्टला लावावे लागते, आणि असा पोर्ट असलेला नवा संगणक आता दुकानात सहसा दिसत नाही. शिवाय ते फॉन्ट युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे सर्व संगणकांसाठी अक्षरांचे एकच प्रमाण ठरण्यापूर्वीच्या, पद्धतीचे आहेत. त्यामुळे जुन्या पत्रिकेची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. इतक्या वर्षांच्या फाइल्स त्या एका यंत्राला बांधलेल्या आहेत, म्हणून ते चालू राहणे गरजेचे आहे.

गेल्या लगीनसराईत ते यंत्र फारच मंदावले. वधूवरांचे फोटो असलेली पत्रिका उघडली की हार्ड डिस्कचा दिवा विझतच नसे, आणि एक पान सरकवायलाही थांबावे लागे. टास्क मॅनेजर उघडून पाहिले तेव्हा एकूण २ जीबी रॅमपैकी जेमतेम शंभर-दीडशे एमबी शिल्लक होती. रॅम भरली की विंडोज काही मजकूर हार्ड डिस्कवर ठेवते व लागेल तसा परत आणते, आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क रॅमच्या तुलनेत कितीतरी हळू असल्यामुळे सगळे काम तिथे अडते. म्हणजे रॅम कमी पडते आहे हे निदान बरोबर होते. हे आधी सांगतो, कारण संगणक हळू चालण्याचे कारण प्रत्येक वेळी रॅमच असते असे नाही. काम चालू असताना निम्मी रॅम मोकळी दिसत असेल, तर आणखी रॅम टाकून काही हाती लागत नाही आणि तेच पैसे एसएसडीसाठी, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कसाठी, खर्च केलेले बरे.

मामा म्हणाले, “बाळ, चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या घाल की, म्हणजे पुन्हा पुन्हा बघायला नको.” मी एका लग्नासाठी कोल्हापूरला गेलो होतो, तिथल्या एका दुकानात जुन्या डीडीआर३ रॅमच्या (डीडीआर३ ही रॅमची एक पिढी) तशा दोन पट्ट्या मिळाल्या. दुकानदाराने त्या त्याच्या संगणकावर लावून दाखवल्या, त्या चालल्या. शहापूरला आल्यावर बसवल्या, तर खाच नेमकी जुळली, दोन्ही बाजूंचे खटके लागले, आणि संगणक सुरू केल्यावर पडद्यावर काहीच आले नाही. मदरबोर्डवरचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डावरचा, छोटा स्पीकर तेवढा थांबून थांबून बीप देत राहिला. एकेक पट्टी लावून पाहिली, स्लॉट बदलून पाहिले, तरी तेच. जुन्या १ जीबीच्या पट्ट्या परत लावल्या आणि यंत्र पूर्ववत सुरू झाले.

कोल्हापूर बेळगावहून शंभराहून अधिक किलोमीटर आहे. एक वस्तू परत करायला अख्खा दिवस आणि दोन्हीकडचे बसभाडे खर्च होते. पट्ट्या खराब नव्हत्या, दुकानदाराने फसवलेही नव्हते. चूक माझी होती: “डीडीआर३ आहे, म्हणजे चालेल” एवढ्यावर मी विसंबलो. त्यानंतर पंधरा दिवस मी या विषयाचा जो अभ्यास केला, तो इथे लिहून ठेवतो आहे, कारण निपाणी, खानापूर, चिकोडीपासून आमच्या गल्लीपर्यंत असे जुने संगणक घराघरात आणि दुकानांत अजून कामाला जुंपलेले आहेत.

पहिला प्रश्न पिढीचा, आणि तो सोपा आहे. डेस्कटॉपच्या रॅममध्ये पहिल्या डीडीआरला १८४ पिना, डीडीआर२ व डीडीआर३ या दोन्हींना २४० पिना, तर डीडीआर४ व डीडीआर५ या दोन्हींना २८८ पिना असतात. पिनांची संख्या सारखी असली तरी प्रत्येक पिढीची खाच वेगळ्या जागी असते, आणि व्होल्टेजही वेगळे: डीडीआर२ साठी १.८, डीडीआर३ साठी १.५, डीडीआर४ साठी १.२ आणि डीडीआर५ साठी १.१. खाच जुळत नसेल तर जोर लावू नये, एवढेच इथे पुरे. काही जुन्या मदरबोर्डांवर डीडीआर२ चे दोन आणि डीडीआर३ चे दोन असे चार स्लॉट शेजारी शेजारी असतात. त्या बोर्डावर एका वेळी एकाच पिढीची रॅम लावायची असते, दोन्ही मिळून नव्हे.

खाच जुळणे म्हणजे पिढी जुळणे, त्यापलीकडे काही नाही. माझी चूक नेमकी इथे झाली. पिढीच्या आतही एक भेद असतो, आणि जुन्या यंत्रांच्या बाबतीत बहुतेक नुकसान त्या भेदामुळे होते, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

मामांच्या संगणकाच्या मदरबोर्डावर इंटेलचा जी४१ हा चिपसेट, म्हणजे बोर्डाचे भाग एकमेकांशी जोडणारी नियंत्रक चिप, आहे. त्या पिढीत रॅमशी बोलण्याचे काम प्रोसेसर स्वतः करत नाही, ते चिपसेटकडे असते. हा चिपसेट एकूण ८ जीबीपर्यंत रॅम चालवतो, आणि बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत तसेच छापलेले असते. दोन स्लॉट असल्यामुळे प्रत्येकात ४ जीबी चालेल हे गणितही बरोबर आहे. परंतु पट्टीवरची प्रत्येक काळी चिप किती क्षमतेची असावी यालाही मर्यादा आहे, आणि जी४१ साठी ती २ गिगाबिट आहे. आता हिशेब करा. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणून ४ जीबी (गिगाबाइट) म्हणजे ३२ गिगाबिट. ते २ गिगाबिटच्या चिप्समध्ये मांडायचे तर १६ चिप्स लागतील, म्हणजे पट्टीच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ. माझ्या कोल्हापूरच्या पट्ट्यांवर एकाच बाजूला आठ चिप्स होत्या आणि दुसरी बाजू कोरी होती. म्हणजे प्रत्येक चिप ४ गिगाबिटची. नंतरच्या काळातल्या मदरबोर्डांना ती चिप ओळखता येते, जी४१ ला ती ओळखता येत नाही. पट्टी तीच, खाच तीच, ४ जीबी हा आकडाही तोच, तरीही एक पट्टी चालते आणि दुसरी चालत नाही.

मग जुन्या बोर्डासाठी १६ चिप्सची पट्टी मागावी, एवढे पुरते का? तेवढेही पुरत नाही. जुन्या बाजारात ४ जीबीच्या अशा काही स्वस्त पट्ट्या मिळतात, ज्यांवर १६ चिप्स असतात पण त्या ‘फक्त एएमडीसाठी’, म्हणजे इंटेलऐवजी एएमडी कंपनीचा प्रोसेसर असलेल्या बोर्डांसाठी, म्हणून विकल्या जातात, आणि विकणारा ही अट प्रत्येक वेळी सांगेलच असे नाही. त्यातील प्रत्येक चिप एका वेळी ४ बिटच देते. रॅमला एका वेळी ६४ बिट द्यायचे असतात, म्हणून तशा १६ चिप्स मिळून एकच गट होतो. नेहमीच्या पट्टीतली चिप ८ बिट देते, आठ चिप्सचा एक गट होतो, आणि १६ चिप्स असतील तर दोन गट होतात. हे सगळे पट्टीच्या लेबलवर एका छोट्या खुणेत लिहिलेले असते. ‘२आरएक्स८’ म्हणजे दोन गट, ८ बिटच्या चिप्स. ‘१आरएक्स८’ म्हणजे एक गट, ८ बिटच्या चिप्स. माझ्या न चाललेल्या पट्ट्यांवर हीच खूण होती आणि मी ती वाचलीही नव्हती. ‘एक्स४’ असे दिसले तर ती पट्टी साध्या इंटेल बोर्डासाठी घेऊ नये. तेव्हा चिप्स मोजाव्यात आणि लेबलही वाचावे. दोन्ही मिळूनच उत्तर येते.

चिप्स मोजताना आणखी एक फायदा होतो. एका बाजूस आठऐवजी नऊ चिप्स दिसल्या, तर ती चुका दुरुस्त करणारी, ईसीसी प्रकारची रॅम समजावी. मोठ्या कार्यालयांतून निघालेल्या सर्व्हरची रॅम पुष्कळदा स्वस्तात विकायला येते. तिच्यातील ‘रजिस्टर्ड’ प्रकारच्या पट्टीवर मध्यभागी एक वेगळी चिपही असते, आणि ती पट्टी घरगुती संगणकात चालत नाही. लेबलवर ‘पीसी३-१०६००’ अशा आकड्यानंतर एक अक्षर असते: ‘यू’ म्हणजे साध्या डेस्कटॉपची, ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची, ‘आर’ म्हणजे सर्व्हरची रजिस्टर्ड. आपल्याला ‘यू’ हवे.

वेगाबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात आणि खरे तर त्याची काळजी सर्वांत कमी करावी. १३३३ वेगाची पट्टी १०६६ वेगाच्या बोर्डात टाकली तर ती १०६६ वर चालते. दोन वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोन्ही हळू पट्टीच्या वेगाने चालतात. ‘पीसी३’ नंतरचा आकडा म्हणजे तोच वेग ८ ने गुणून आलेला असतो: १६०० ला ८ ने गुणले की १२८००. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये मात्र १०६६ च्या जागी ५३३ दिसते आणि पाहणारा घाबरतो. घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहिती पाठवली जाते, म्हणून आकडा निम्मा दिसतो. बिघाड काही नसतो.

हाच सीपीयू-झेड खरेदीपूर्वीच्या तपासासाठी फार उपयोगी आहे. त्यातील ‘मेनबोर्ड’ पानावर बोर्डाचे मॉडेल व चिपसेट दिसतो, आणि ‘एसपीडी’ पानावर प्रत्येक स्लॉटमधील पट्टीची पिढी, आकार, वेग व बनवणाऱ्याचा भाग क्रमांक दिसतो. ही माहिती पट्टीवरच्याच एका लहानशा चिपमधून वाचली जाते. भाग क्रमांक मिळाला की पुष्कळ काही उलगडते. उदाहरणार्थ किंग्स्टनच्या ‘केव्हीआर१६एन११एस८/४’ या क्रमांकात १६ म्हणजे १६०० चा वेग, ‘एन’ म्हणजे साधी डेस्कटॉप पट्टी, ‘एस८’ म्हणजे एक गट व ८ बिटच्या चिप्स, आणि शेवटचे ४ म्हणजे ४ जीबी. असा क्रमांक समोर असेल तर दुकानात न जाताही कळते की ही पट्टी जी४१ वर चालणार नाही. तरीही कॅबिनेट एकदा उघडावेच. बोर्डावर स्लॉटजवळ मॉडेलचे नाव आणि कोपऱ्यात रिव्हिजन (आवृत्ती) क्रमांक छापलेला असतो. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनमध्ये रॅमचे स्लॉट वेगळे असल्याचे मी पाहिले आहे. तो क्रमांक घेऊन निर्मात्याच्या संकेतस्थळावरून पुस्तिका उतरवावी आणि रॅमचे पान शब्दशः वाचावे. त्या पुस्तिकांच्या तळटिपा बारीक अक्षरात असतात, आणि चिपच्या क्षमतेची अट असलीच तर तिथेच असते.

लॅपटॉपचे थोडे वेगळे. तिथे पट्टी लहान असते: डीडीआर३ ची २०४ पिनांची, डीडीआर४ ची २६० पिनांची. माझ्या निपाणीच्या मावसबहिणीने तिच्या लॅपटॉपसाठी रॅम घ्यायची म्हणून विचारले, तेव्हा मी तिला आधी मागचे झाकण उघडून जुन्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगितले. लेबलवर ‘पीसी३एल’ होते. हा ‘एल’ महत्त्वाचा आहे. त्याचा अर्थ पट्टी १.३५ व्होल्टवर चालते, आणि २०१३ च्या सुमारास आलेल्या चौथ्या पिढीपासूनचे इंटेलचे बरेच लॅपटॉप तेवढेच व्होल्टेज देतात. तिथे साधी १.५ व्होल्टची पट्टी चालत नाही. उलट ‘एल’ असलेली पट्टी १.५ व्होल्टच्या जुन्या यंत्रातही चालते. म्हणून शंका असली की ‘एल’च घ्यावी. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते आणि स्लॉटच नसतो. तिथे विषय संपतो, पण ते खरेदीपूर्वी कळलेले बरे.

आता मामांच्या संगणकाकडे परत येतो, कारण माझी दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती आणि ती मला योग्य पट्टी शोधायला निघाल्यावर कळली.

त्या यंत्रावर ३२ बिटची विंडोज ७ आहे. ३२ बिटमध्ये जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ बाइट, म्हणजे ४ जीबी, एवढेच पत्ते मांडता येतात, आणि त्यातलेही काही ग्राफिक्स व इतर भागांसाठी राखून ठेवले जातात. परिणामी ४ जीबी लावली तरी वापरायला तीन-सव्वातीन जीबीच मिळते. ८ जीबी लावली असती, अगदी चालणारी १६ चिप्सची, तरी अर्ध्याहून अधिक रॅम नुसती बसून राहिली असती. त्यावर उपाय ६४ बिटची विंडोज टाकणे हा आहे. पण फॉन्टच्या त्या जुन्या हार्डवेअर लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे ते लॉक विंडोजला ओळखू देणारा प्रोग्रॅम, ३२ बिटचाच आहे, आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. ज्या लॉकसाठी हे यंत्र जपायचे, तेच बंद पडले असते. मामांनी ‘चार-चार जीबी’ म्हटले ते काळजीपोटी. तपासायचे काम माझे होते, आणि ते मी बोर्डापासून नव्हे, तर त्यावर कोणते काम चालते तिथपासून सुरू करायला हवे होते.

म्हणजे गरज होती ती एकूण ४ जीबीची, २ जीबीच्या दोन पट्ट्यांची. इथे गणित सोपे झाले. २ जीबी म्हणजे १६ गिगाबिट. आठ चिप्स असल्या तर प्रत्येक २ गिगाबिटची, सोळा असल्या तर प्रत्येक १ गिगाबिटची, आणि जी४१ ला दोन्ही चालतात. बेळगावातच खडे बाजारात जुन्या भागांचा व्यवहार करणाऱ्या एकाकडे अशा दोन पट्ट्या मिळाल्या. या वेळी मी मामांची एक जुनी पट्टी, बोर्डाचे मॉडेल लिहिलेला कागद आणि पुस्तिकेच्या त्या पानाचा फोटो सोबत नेला होता. दुकानदाराने डबा पुढे केला आणि मी लेबले वाचून दोन सारख्या निवडल्या. सारख्या घेण्याचे कारण असे की, दोन स्लॉट दोन वेगळ्या मार्गांना जोडलेले असतात आणि दोन्हींत सारखी पट्टी असली की माहिती दोन्ही मार्गांनी एकदम जाते. ज्या बोर्डावर स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही, तिथे पडद्यासाठीही हीच रॅम वापरली जात असल्याने याचा फरक अधिक जाणवतो.

बसवण्यापूर्वी प्लग काढला, मग पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरले, म्हणजे आत उरलेला विद्युत्भार निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावला. आमच्याकडचा पावसाळा चार महिने दम घेत नाही, आणि छापखान्यात कागदाची धूळ असते; स्लॉटमध्ये दोन्हींचा थर बसला होता. तो मऊ ब्रशने काढला, आणि पट्टीच्या सोनेरी पट्टिका आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसल्या. खोडरबरने घासण्याची पद्धत सर्रास आहे. मला ती पसंत नाही, कारण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि खोडरबरचा चुरा स्लॉटमध्ये जातो.

पहिल्याच वेळी पडदा उजळला आणि ४ जीबी दिसली. तरी लगेच काम सुरू करू दिले नाही. मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालू ठेवला. जुनी रॅम घेताना ही चाचणी टाळू नये, कारण एखादी चिप अधूनमधून चुकत असेल तर संगणक सुरू होतो, चालतो, आणि चार दिवसांनी एखादी पत्रिका सेव्ह होताना फाइल बिघडते. या चाचणीत एकही चूक दिसली तर पट्टी परत करावी. ‘एकच तर आहे’ असे म्हणू नये. सकाळी चुका शून्य होत्या. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेची सुधारणा मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले, म्हणून त्या यंत्राची इंटरनेटची तार मी त्याच दिवशी काढून टाकली; फाइल्सची ने-आण आता पेन ड्राइव्हवरूनच होते.

कोल्हापूरच्या दोन पट्ट्या परत करायला गेलो नाही. खानापूरच्या माझ्या चुलतभावाकडे एच६१ चिपसेटचा, दुसऱ्या पिढीच्या आय३ चा संगणक आहे, ६४ बिटच्या विंडोजचा, आणि त्यात २ जीबीची एकच पट्टी होती. त्या बोर्डाची पुस्तिका आधी वाचली: दोन स्लॉट, एकूण १६ जीबी, म्हणजे प्रत्येक स्लॉटमध्ये ८ जीबी. ८ जीबीची पट्टी जास्तीत जास्त १६ चिप्सची धरली तरी प्रत्येक चिप ४ गिगाबिटची येते, म्हणजे माझ्या पट्ट्यांवरची चिप तिथे ओळखली जाणार हे कागदावरच दिसत होते. त्या दोन्ही पट्ट्या तिथे पहिल्या दिवसापासून चालू आहेत. मामांच्या यंत्रातून काढलेल्या १ जीबीच्या दोन पट्ट्या मी स्थिर विद्युत्विरोधी पिशवीत घालून छापखान्याच्या खणात ठेवल्या आहेत, आणि कॅबिनेटच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवली आहे: बोर्डाचे मॉडेल व रिव्हिजन, दोन स्लॉट, डीडीआर३, चिप २ गिगाबिटपर्यंत, विंडोज ३२ बिट, ४ जीबीच्या वर टाकू नये.